समान वेतन, पण कोणाशी? आरोग्य केंद्रांतील परिचारिकांच्या वेतनप्रश्नाचा आढावा

प्रश्नाची मांडणी

परिचारिकांच्या पगाराचा विषय निघाला की चर्चा बहुधा जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय नाहीतर शहरातले बडे खासगी इस्पितळ यांच्यापाशीच थांबते. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शहरी वस्तीतल्या दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिकेपर्यंत ती फारशी पोचत नाही. महाराष्ट्रात साडेदहा हजारांच्या आसपास उपकेंद्रे आणि अठराशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. त्यांचा रोजचा गाडा एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका), जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या शिकलेल्या परिचारिका) आणि आरोग्य सहायिका यांच्यावर चालतो. गेल्या वीस वर्षांत याच वर्गाच्या वेतनाचा गुंता सर्वाधिक वाढला आहे.

‘समान कामाला समान वेतन’ ही मागणी ऐकायला सरळ आहे. समान म्हणजे कोणाशी समान, असे विचारले की मात्र चार वेगळी उत्तरे येतात: त्याच उपकेंद्रातल्या कायम सेविकेशी, रुग्णालयातल्या परिचारिकेशी, केंद्र सरकारच्या परिचारिकेशी, किंवा अलीकडेच उपकेंद्रात आलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी. संघटना, प्रशासन आणि न्यायालये यांच्या भूमिका जुळत नाहीत, त्याचे एक मोठे कारण असे की प्रत्येकाच्या मनातली तुलना वेगळी असते. या तुलना सुट्या करून पाहिल्या तर वाद कुठे मिटत आला आहे आणि कुठे अजून अडला आहे, ते कळू शकते.

पार्श्वभूमी: भोर समितीपासून आरोग्यवर्धिनीपर्यंत

सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा पहिला आराखडा भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडला. चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एक परिचारिका व चार सुईणी अशी ती कल्पना होती. या मांडणीत गावात फिरून काम करणाऱ्या परिचारिका चार आणि केंद्रात बसून काम करणारी एक, हे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे. समुदायातले परिचर्येचे काम तेव्हा दुय्यम मानलेले नव्हते.

प्रत्यक्षात एवढ्या प्रशिक्षित परिचारिका देशात नव्हत्या. १९५० च्या दशकात त्यावर तोडगा निघाला तो एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविकेचा. कमी शिक्षणाच्या अटीवर, कमी मुदतीच्या प्रशिक्षणातून तयार होणारा हा संवर्ग होता. त्यामुळे त्याची वेतनश्रेणीही परिचारिकेच्या खाली ठेवली गेली. रुग्णालय आणि आरोग्य केंद्र यांच्यातल्या वेतनदरीचे मूळ इथे आहे.

१९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याची कल्पना मांडली. बाळंतपण आणि बालसंगोपन पाहणाऱ्या एएनएमकडे कुटुंबनियोजन, लसीकरण, साथरोगांची नोंद अशी कामे येत गेली. पुढे मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष ठरला. महाराष्ट्रात उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदांकडे, तर ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे राहिली. नियोक्ते वेगळे झाल्यामुळे सेवाप्रवेश नियम, बढतीच्या पायऱ्या आणि सेवाज्येष्ठतेच्या याद्याही वेगळ्या झाल्या.

खरे वळण आले १२ एप्रिल २००५ रोजी, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा. प्रत्येक उपकेंद्रात दुसरी एएनएम आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत जादा परिचारिका देण्यासाठी केंद्राचा निधी आला. पण तो अभियानाचा निधी असल्याने पदे कंत्राटी राहिली. नेमणूक वर्षाच्या आतली, मध्ये तांत्रिक खंड आणि मग नवा करार, अशी पद्धत रूढ झाली. २०१३ मध्ये शहरी आरोग्य अभियान जोडले गेले आणि दोन्ही मिळून राष्ट्रीय आरोग्य अभियान, म्हणजे बोलीतले ‘एनएचएम’ झाले. तात्पुरती म्हणून धरलेली व्यवस्था दोन दशके चालली. अनेकींची नोकरीची सारी वर्षे करारावर करार करण्यात गेली.

२०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे नवे पद आले. बीएस्सी नर्सिंग झालेले किंवा महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आयुर्वेद पदवीधर यांची सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून या पदावर नेमणूक झाली. रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगाची तपासणी हे उपकेंद्राचे नियमित काम झाले. सीएचओच्या येण्याने एएनएमचे काम हलके झालेले नाही. तपासणीच्या मोहिमा आणि त्यांची ऑनलाइन नोंद या कामांत तिलाही वाटा उचलावा लागतो.

आजची वेतनरचना

आकडे शेजारी शेजारी मांडले की चित्र स्पष्ट होते. सातव्या वेतन आयोगानुसार जिल्हा परिषदेच्या कायम आरोग्यसेविकेची श्रेणी एस-८ आहे. सुरुवातीचे मूळ वेतन २५,५०० रुपये, कमाल ८१,१०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्के धरून हिशेब केला तरी नव्याने लागलेल्या सेविकेच्या हिशेबात घरभाडे भत्ता सोडून ३८,२५० रुपये पडतात. एनएचएमच्या अलीकडच्या जाहिरातींत एएनएमचे ठोक मानधन १८,००० रुपये दिसते. त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडे नाही.

राज्याच्या रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) एस-१३ श्रेणीत ३५,४०० रुपयांपासून मूळ वेतन सुरू होते. एनएचएममधल्या जीएनएमचे मानधन जाहिरातींत २०,००० रुपये असते. केंद्र सरकारच्या रुग्णालयातली नर्सिंग ऑफिसर सातव्या स्तरावर ४४,९०० रुपयांपासून सुरुवात करते. उपकेंद्रातल्या सीएचओला दरमहा २५,००० रुपये निश्चित आणि कामगिरीवर आधारित १५,००० रुपयांपर्यंत मोबदला मिळतो.

सुरुवातीच्या आकड्यांपेक्षा पुढच्या वर्षांचा फरक मोठा असतो. कायम सेविकेला दरवर्षी तीन टक्क्यांच्या आसपास वेतनवाढ मिळते. पंधरा वेतनवाढींनंतर तिचे मूळ वेतनच ३९,८०० रुपयांवर जाते. शिवाय आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या टप्प्यांवर लाभ मिळतो. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांना ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी आहे. कंत्राटी सेविकेच्या मानधनात वार्षिक वाढ आणि सेवेच्या वर्षांप्रमाणे ‘लॉयल्टी बोनस’ आहे. पण ती वाढ दर वर्षी मंजूर होणाऱ्या आराखड्यावर अवलंबून असते आणि मुळात लहान रकमेवर मोजली जाते. भामरागड किंवा धडगावसारख्या तालुक्यात दोघी एकाच पाड्यावर जातात, पण दुर्गम भागाचा लाभ कायम असलेलीच्याच पगारपत्रकात दिसतो.

पहिली तुलना: कंत्राटी आणि कायम

लसीकरणाच्या दिवशी ही तुलना सर्वांत सहज करता येते. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून व्हॅक्सिन कॅरियर येतो. आशा स्वयंसेविका ड्यू लिस्टप्रमाणे बाळांना अंगणवाडीत आणते. एक सेविका बाळाचे वजन आणि कार्ड पाहते, दुसरी लस टोचते. कुपी उघडल्याची वेळ तिच्यावर लिहायची, टोचल्यानंतर अर्धा तास आईला बसवून ठेवायचे, नोंदवहीत आणि पोर्टलवर नाव चढवायचे, रात्री ताप आला तर फोन घ्यायचा. यातले एकही काम नेमणुकीच्या प्रकारानुसार वाटलेले नसते. चूक झाली तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडून विचारणाही दोघींना सारखीच होते.

संघटनांची मागणी याच वस्तुस्थितीवर उभी आहे. पद एक, जबाबदारी एक, नोंदणी एकाच परिचर्या परिषदेची, मग मोबदला निम्मा का, असे त्या विचारतात. त्यांचा आक्षेप रकमेपुरता नाही. बदली, वैद्यकीय रजा, निवृत्तिवेतन, सेवेत मृत्यू आल्यास कुटुंबाला मिळणारा आधार, हे सारे वेतनाचाच भाग मानावे असे त्यांचे म्हणणे आहे. कोविडच्या काळात कंत्राटी परिचारिकांनी केलेल्या कामाचा दाखलाही वारंवार दिला जातो.

प्रशासनाकडून येणारे उत्तर तीन मुद्द्यांचे असते. एनएचएम हे अभियान आहे, त्याची मुदत केंद्र वाढवते, त्यामुळे राज्याने त्यावर कायम दायित्व उभे करणे जोखमीचे आहे. दुसरे, कायम भरती स्पर्धा परीक्षा, बिंदूनामावली आणि सामाजिक आरक्षण पाळून होते. कंत्राटी निवड जिल्हा पातळीवर, वेगळ्या पद्धतीने झालेली असते. तिसरे, कराराच्या अटी माहीत असूनच उमेदवाराने सही केलेली असते.

२०२३ च्या अखेरीस एनएचएम कर्मचाऱ्यांचे राज्यव्यापी आंदोलन झाले. त्यानंतर १४ मार्च २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे समकक्ष रिक्त पदांवर समायोजन करायचे, त्यासाठी ३० टक्के पदे ठेवायची आणि ७० टक्के पदे सरळसेवेने भरायची, असे त्याचे सूत्र होते. तत्त्व मान्य झाले, अंमलबजावणी मात्र सेवाप्रवेश नियमांतल्या दुरुस्त्यांत अडकली. याच निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा राज्यव्यापी काम बंद आंदोलन झाले.

या समायोजनाला आणखी एका गटाचा आक्षेप आहे. एएनएम किंवा जीएनएम पूर्ण करून सरळसेवेच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्या मुलींचे म्हणणे असे, की समायोजनासाठी राखलेले प्रत्येक पद खुल्या स्पर्धेतून वजा होते. वयोमर्यादा जवळ आलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने हा आक्षेप गंभीर आहे. दोन्ही बाजूंच्या मुली बहुतेकदा सारख्याच घरांतून आलेल्या असतात, त्यामुळे यात सरळसोट न्याय-अन्याय ठरवणे अवघड जाते.

दुसरी तुलना: आरोग्य केंद्र आणि रुग्णालय

हा वाद कमी गाजतो, पण जुना आहे. एएनएमची वेतनश्रेणी कमी असण्याचे समर्थन शिक्षणाच्या आधारे केले जाते. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. एएनएमचा पूर्वी दहावीनंतर दीड वर्षांचा होता. पण भारतीय परिचर्या परिषदेने तो बदलून बारावीनंतर दोन वर्षांचा केला. प्रवेशाची अट आणि मुदत दोन्ही वाढल्या, श्रेणीची पायरी मात्र तीच राहिली. त्यामुळे शिक्षणाचा निकष लावायचाच असेल तर तो नव्याने लावा, अशी मागणी होते.

दुसरा निकष जबाबदारीचा. वॉर्डात परिचारिकेच्या हाकेच्या अंतरावर डॉक्टर, सिस्टर इन्चार्ज आणि औषधांचा साठा असतो. उपकेंद्रात रात्री बाळंतीण आली तर रक्तस्राव वाढतोय का, १०८ ला फोन कधी करायचा, तालुक्याला रेफर करायचे की थेट जिल्ह्याला, हा निर्णय सेविकेला एकटीने घ्यावा लागतो. वॉर्डात गंभीर रुग्ण जास्त, रात्रपाळ्या ठरलेल्या, संसर्गाचा धोका मोठा, असे रुग्णालयातल्या परिचारिकांचे म्हणणे आहे आणि तेही खरे आहे. ही दोन कामे एकाच तराजूत कशी तोलायची, हे ठरलेले नाही. वेतन आयोग पदांची तुलना करताना शैक्षणिक अर्हता आणि पदांची उतरंड यांना महत्त्व देतात. एकटीने निर्णय घेण्याची जोखीम, प्रवास, मुक्कामी राहण्याची अट यांचे मोल त्यात कितपत धरायचे, याचे मान्य सूत्र नाही.

सीएचओच्या येण्याने या तुलनेत नवा पेच निर्माण झाला. पंधरा-वीस वर्षे गावात काढलेली कंत्राटी एएनएम आणि नुकताच रुजू झालेला सीएचओ यांच्या मोबदल्यात मोठे अंतर आहे, आणि केंद्राची कामगिरी मोजताना तिचे काम सीएचओच्या निर्देशांकात जमा होते. आरोग्य केंद्राच्या पथकाला मिळणारी प्रोत्साहन रक्कम सर्वांत वाटण्याची तरतूद आहे, पण ती वैयक्तिक मोबदल्याच्या मानाने लहान आहे. सीएचओंचीही स्वतःची तक्रार आहे: त्यांचे पदही कंत्राटी आहे, आणि पगाराचा मोठा भाग कामगिरीशी बांधलेला असल्याने दरमहा हातात किती येईल याची खात्री नसते.

तिसरी तुलना: राज्य आणि केंद्र

केंद्र आणि राज्य यांच्या परिचारिकांच्या मूळ वेतनात सुरुवातीलाच साडेनऊ हजारांचा फरक आहे. सहाव्या आयोगात केंद्राच्या स्टाफ नर्सचा ग्रेड पे ४६०० रुपये होता, राज्यात तो ४२०० राहिला. सातव्या आयोगात तोच फरक वेगवेगळ्या स्तरांच्या रूपाने पुढे आला. सातव्या आयोगाच्या अंमलबजावणीसाठी राज्याने बक्षी समिती नेमली होती आणि पुढे वेतनत्रुटींसाठी खुल्लर समिती. या समितीच्या अहवालातही आपली त्रुटी दूर झाली नाही, अशी तक्रार करत जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या. त्याआधी मे २०२२ मधला संप बाह्यस्रोत संस्थेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध होता.

हा लढा मुख्यतः रुग्णालयांतल्या परिचारिकांचा आहे, तरी आरोग्य केंद्रांशी त्याचा थेट संबंध आहे. वरची पायरी सरकली की खालच्या संवर्गांची तुलनाही बदलते. म्हणून एका संवर्गाची त्रुटी दूर केली की साखळीने इतर संवर्गांच्या मागण्या येतील, अशी भीती वित्त विभाग नेहमी व्यक्त करतो. संघटनांचे उत्तर असे, की साखळीच्या भीतीने मूळ त्रुटी त्रुटी राहायची थांबत नाही.

न्यायालयांनी काय सांगितले

संविधानाच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्यधोरणाचे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९८२ मध्ये रणधीर सिंग खटल्यात, दिल्ली पोलिसातल्या एका चालकाच्या दाव्यावर, सर्वोच्च न्यायालयाने ते अनुच्छेद १४ आणि १६ यांच्याशी जोडले आणि त्याला अंमलबजावणीयोग्य हक्काचे वजन दिले.

२००६ च्या उमादेवी निकालाने दुसरी मर्यादा आखली. केवळ दीर्घकाळ काम केले म्हणून कंत्राटी कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क मिळत नाही आणि घटनात्मक भरतीप्रक्रिया डावलता येत नाही, असे घटनापीठाने ठरवले. पुढे अनेक राज्यांनी याच निकालाचा आधार घेत नियमित करण्याच्या मागण्या फेटाळल्या.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग खटल्यात न्यायालयाने नियमित होणे आणि समान वेतन मिळणे हे दोन प्रश्न वेगळे केले. कायम नसलेला कर्मचारीही त्याच पदाची तीच कामे करत असेल तर त्याला त्या वेतनश्रेणीच्या किमान टप्प्याइतके वेतन मिळाले पाहिजे, असे त्यात म्हटले. कामाची समानता सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र दावा करणाऱ्यावर आहे. २०१९ मध्ये बिहारमधल्या नियोजित शिक्षकांच्या खटल्यात न्यायालयाने समान वेतनाची मागणी मान्य केली नाही. संवर्ग वेगळा आहे आणि राज्यावरचा आर्थिक भार लक्षात घ्यावा लागतो, हा राज्याचा युक्तिवाद तिथे टिकला. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात सूर पुन्हा बदलला. कायम स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या नावाखाली करून घेण्यासाठी उमादेवी निकालाची ढाल वापरता येणार नाही, असे न्यायालयाने सुनावले.

म्हणजे एएनएमच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही बाजूंना निकाल सापडतात. निर्णय शेवटी त्या त्या खटल्यातल्या पुराव्यावर ठरतो: कामाचे वाटप एकच आहे का, निवडीची पद्धत किती वेगळी होती, मंजूर पद रिक्त होते का.

खासगी क्षेत्र आणि अन्य ठिकाणचे अनुभव

खासगी परिचारिकांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी दराइतके वेतन, शंभर ते दोनशे खाटांत त्यापेक्षा फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी आणि पन्नासपेक्षा कमी खाटांत किमान २०,००० रुपये, असे तिचे सूत्र होते. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून ते बऱ्याच अंशी अमलात आणले. पण सूत्राची मोजपट्टी खाटांची आहे. सेवाभावी संस्थेचे फिरते पथक, वस्तीतला दवाखाना किंवा कारखान्यातले आरोग्य केंद्र इथे खाटा नसतात किंवा नाममात्र असतात. तिथल्या परिचारिका सगळ्यात खालच्या पायरीवर येतात किंवा सूत्राबाहेरच राहतात.

ओडिशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सेवेतली कंत्राटी भरती बंद करून ५७ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना नियमित केले. त्याचा वार्षिक भार सुमारे १३०० कोटी रुपये सांगितला गेला. राजकीय इच्छा असेल तर हे शक्य आहे, असा दाखला संघटना त्यावरून देतात. राज्याच्या स्वतःच्या पदांवरचे कर्मचारी आणि केंद्राच्या अभियानातले कर्मचारी यांची गणिते निराळी आहेत, याकडे वित्त विभागातले लोक लक्ष वेधतात.

परदेशात हा प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या रुग्णालयांतल्या परिचारिकांना २००४ पासून ‘अजेंडा फॉर चेंज’ ही एकसंध वेतनरचना लागू आहे. फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने स्वतंत्र कंत्राटदार असल्याने तिथल्या परिचारिका तिच्या कक्षेबाहेर आहेत. न्यूझीलंडमध्ये २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनसमतेचा दावा तडजोडीने मिटला आणि प्राथमिक सेवेतल्या परिचारिकांचे अंतर उठून दिसू लागले. मे २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून प्रलंबित ३३ दावे थांबवले. दोन्ही देशांत परिचारिका कायम आहेत. अंतर पडते ते नियोक्ता आणि निधीचा मार्ग वेगळा असल्यामुळे. महाराष्ट्रातल्या प्रश्नाशी हे कारण जुळते.

स्त्रियांची संख्या जास्त असलेल्या व्यवसायांचे मोल कमी धरले जाते, असा युक्तिवादही या चर्चेत येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२२ च्या अहवालात आरोग्यक्षेत्रातले स्त्री-पुरुष वेतनातले अंतर सुमारे २४ टक्के दिसले. आरोग्य केंद्रात मात्र एएनएम आणि पुरुष आरोग्यसेवक यांची वेतनश्रेणी एकच आहे. त्यामुळे एकाच पदावरच्या स्त्री-पुरुष भेदाचा मुद्दा इथे लागू पडत नाही. संपूर्ण संवर्गाचेच मोल कमी धरले गेले का, हा प्रश्न मात्र उरतो.

पैशाचा प्रश्न

एनएचएमचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात वाटून घेतात. दर वर्षी राज्य आराखडा पाठवते, केंद्र मंजूर करते आणि पदनिहाय मानधन त्यात ठरते. राज्याने मनाने मानधन वाढवले तर वाढीव भार राज्यावर येतो. समायोजन केले तर संपूर्ण वेतन आणि पुढचे निवृत्तिलाभ राज्यावर येतात. ज्या क्षणी कंत्राटी सेविका कायम होते त्या क्षणी तिच्यासाठी मिळणारा केंद्राचा वाटा राज्याला सोडावा लागतो. समायोजनाच्या फायली वित्त विभागात थांबण्यामागे हे साधे गणित आहे.

दुसऱ्या बाजूने, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत न्यावा, राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी आणि खर्चाचा दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यावा, असे म्हटले आहे. प्राथमिक सेवेचा सर्वांत मोठा खर्च मनुष्यबळाचाच असतो. त्यामुळे धोरण मान्य आणि वेतन अमान्य, ही विसंगती सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक दाखवून देतात. कंत्राटी जागा सोडून जाणाऱ्या प्रत्येक सेविकेबरोबर गावाची ओळख, गरोदर बायांचा विश्वास आणि प्रशिक्षणावरचा खर्चही जातो, हा त्यांचा मुद्दा आहे.

अनिर्णित मुद्दे

पहिला मुद्दा समकक्षतेचा. एएनएम आणि जीएनएम यांना कायम संवर्गात जोडपद, म्हणजे समकक्ष पद, आहे, म्हणून समायोजनाचा निर्णय त्यांना निदान कागदावर लागू पडतो. ज्या पदांना जोडपदच नाही, त्यांच्यासाठी नवे पद निर्माण करायचे की वेतन वाढवून करार चालू ठेवायचा?

दुसरा, सेवेची मोजणी. समायोजन झालेल्या सेविकेची आधीची दहा-पंधरा वर्षे वेतननिश्चितीत धरायची का? धरली नाहीत तर चाळिशीतली सेविका नवख्या मुलीच्या पगारावर सुरुवात करते. धरली तर थकबाकीचा आणि ज्येष्ठतेचा वाद उभा राहतो. निवृत्तिवेतनाबाबत ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी योजनाच बदलली आहे.

तिसरा, मधला मार्ग. जगजित सिंग निकालाला धरून कायम न करता वेतनश्रेणीचा किमान टप्पा देणे, हा पर्याय खर्चाच्या दृष्टीने आटोक्यातला आहे आणि सरळसेवेच्या जागांनाही हात लावत नाही. संघटनांना भीती अशी, की तो स्वीकारला तर कायम होण्याची मागणी कायमची मागे पडेल. प्रशासनाला भीती अशी, की एका विभागात दिला तर शिक्षण, महिला-बालविकास, पाणीपुरवठा अशा प्रत्येक विभागातले कंत्राटी कर्मचारी तेच मागतील.

चौथा मुद्दा आरोग्य केंद्र आणि रुग्णालय यांच्या तुलनेचा. त्यासाठी पदनामांऐवजी प्रत्यक्ष कामाचे मूल्यमापन लागेल: कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती या चारही अंगांनी. तसे मूल्यमापन झाल्याशिवाय दोन्ही बाजूंचे दावे अनुभवांच्या पातळीवरच राहतात.

सद्यस्थिती

चार तुलनांपैकी कंत्राटी-कायम ही तुलना सर्वांत पुढे आलेली आहे. तत्त्व न्यायालयाने मांडले, राज्याने शासन निर्णयाने अंशतः स्वीकारले. वाद आता पद्धत, वेग आणि पैसा यांचा आहे. राज्य-केंद्र ही तुलना वेतन समित्यांच्या नेहमीच्या वाटेने जाईल. आरोग्य केंद्र-रुग्णालय आणि एएनएम-सीएचओ या तुलना मात्र अजून प्राथमिक अवस्थेत आहेत. तिथे मागण्या आहेत, मोजमाप नाही.

न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राचा आठवा वेतन आयोग काम करत आहे. त्याच्या कार्यकक्षेला ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यामागोमाग राज्यातही वेतनसुधारणेची प्रक्रिया सुरू होईल. प्रत्येक आयोग कायम कर्मचाऱ्यांचे मूळ वेतन वर उचलतो आणि ठोक मानधन त्या गणिताबाहेर राहते, म्हणजे काहीच ठरवले नाही तरी अंतर आपोआप वाढते. कंत्राटी मानधन वेतनश्रेणीच्या एखाद्या ठरावीक प्रमाणाशी जोडायचे की नाही, हा निर्णय त्याआधी झाला तर पुढच्या चर्चेला निश्चित आधार मिळेल. तो नंतरसाठी ठेवला तर आज निम्म्याच्या आसपास असलेले प्रमाण आणखी खाली गेलेले असेल आणि तडजोडीची किंमत दोन्ही बाजूंना जास्त पडेल.